झेपेल तेवढा नियम

आषाढ लागला की आमच्या बेळगावात दोन गोष्टींना खंड नसतो. एक पाऊस आणि दुसरा प्रश्न, ‘यंदा काय नियम घेतलास गं?’ बस्तीच्या पायरीवर छत्री झटकताना हा प्रश्न येतो, माळवं घेताना येतो, नणंदेच्या फोनवर तर ‘बरी आहेस का’च्याही आधी येतो. आषाढ शुद्ध अष्टमीला अष्टान्हिका बसते, चतुर्दशीला मुनिमहाराजांची चातुर्मास-स्थापना होते. तिथपासून कुणी दिवाळीच्या पहाटेच्या निर्वाणलाडवापर्यंत, कुणी कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काही ना काही सोडतं किंवा धरतं. जगाचं नवं वर्ष एक जानेवारीला असेल नाहीतर गुढीपाडव्याला. आपल्या घरातल्या बाईची नवी सुरुवात याच पावसात होते.

मुनींचं कारण सरळ आहे. पावसात वाटेवर गवत उगवतं, किडामुंगी वाढते, डोळ्याला न दिसणारे जीव पायाखाली येतात, म्हणून विहार बंद आणि एका जागी मुक्काम. ‘आपण तर बारा महिने एकाच जागी मुक्कामाला, मग आपल्याला कशाला नियम?’ असं कॉलेजातल्या एका मुलीनं स्वाध्यायात विचारलं तेव्हा सगळ्या हसल्या होत्या. मला तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. त्याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. तांदळात सोंडे होतात, डाळीला भुंगे लागतात, पालेभाजीच्या पानामागे अळी असते, लोणच्यावर पांढरा थर येतो. आपला विहार चुलीपासून कपाटापर्यंतच असला तरी वाटेत जीव आहेतच. शिवाय शाळा-कॉलेजं नुकतीच सुरू झालेली असतात, घराची घडी नव्यानं बसत असते. एखादी सवय बदलायची तर हाच काळ बरा.

तर नियम घ्यायचा हे ठरलं. घोळ होतो तो ‘केवढा’ यावर.

आपला मुलूख मोठा अवघड आहे बाई. भोजचे शांतिसागर महाराज, ज्यांनी १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना घेतली. शेडबाळचे विद्यानंद महाराज. सदलग्याचे विद्यासागर महाराज, १९४६ चा जन्म, ज्यांनी मीठ आणि गोड कायमचं सोडलं. ही सगळी गावं आपल्या एस्टीच्या पाट्यांवरची. कुणाची माहेरं तिथली, कुणाच्या आत्या तिथं दिलेल्या. मोटारीनं जाऊन येता येईल अशा गावातली माणसं एवढा त्याग करून गेली, तर तिथल्याच बाईनं ‘मी चहातली साखर सोडते’ असं म्हणायला तोंड उघडावं तरी कसं? त्यात माइकवरून नावं वाचली जातात. अमक्यांचे दहा उपवास, तमक्यांची सोळाकारण व्रतं. चहाच्या साखरेचं नाव माइकवर येत नाही. मग ती बाई एकतर झेपणार नाही असा नियम घेते, नाहीतर काहीच घेत नाही.

माझा प्रश्न असा, की लहान नियम ही पळवाट आहे का? झेपेल एवढंच धरायचं ठरवलं, तर त्यात धर्म किती आणि सोय किती?

आपल्या आचार्यांना लहान नियमाची लाज वाटत नव्हती, हे मी आधी सांगते. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात यम आणि नियम असा स्पष्ट फरक केला आहे. जन्मभरासाठी घेतला तो यम, ठरावीक काळासाठी घेतला तो नियम. आणि तो काळ केवढा असावा, याची त्यांनी यादीच दिली आहे. आजच्यापुरता, एका दिवसाचा, एका रात्रीचा, पंधरवड्याचा, महिन्याचा, एका ऋतूचा, सहा महिन्यांचा. कशाचा नियम, तीही यादी आहे. जेवण, वाहन, अंथरूण, अंघोळ, उटी, फुलं, विडा, कपडे, दागिने, गाणं-बजावणं. मी ती यादी पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा वाटलं, यांनी आपलं घर पाहिलंय. यात कुठंही अशी अट नाही की अमुक दिवसांपेक्षा कमी असेल तर तो नियमच नव्हे. ‘आज रात्री गादीवर झोपणार नाही’ एवढाही नियमच. श्रावकाच्या व्रतांना अणुव्रतं म्हणतात. नावातच अणू आहे, त्याचं आपल्याला काही वाटत नाही, पण व्यवहारात आपण महाव्रताच्या फूटपट्टीनं मोजत बसतो.

याच्याही पुढं जाणारी गोष्ट मृगसेन धीवराची आहे. आपल्यातल्या पुष्कळजणींनी ती लहानपणी ऐकली असेल. अवंती देशातला हा कोळी जाळं घेऊन नदीवर निघाला होता, वाटेत मुनी भेटले. त्यानं नियम मागितला. आता मासे मारून पोट भरणाऱ्या माणसाला मुनी काय सांगतील? ‘जाळं टाकून दे’ असं सांगतील, असं आपल्याला वाटतं. त्यांनी तसं सांगितलं नाही. आज जाळ्यात पहिला जो जीव येईल त्याला सोडून दे, एवढंच सांगितलं. त्यानं जाळं टाकलं, मोठा मासा आला, त्यानं खूण म्हणून त्याला दोरा बांधला आणि सोडला. पुन्हा जाळं टाकलं, तोच मासा. असं पाच वेळा झालं. पाचही वेळा त्यानं तो सोडला, आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं घरी आला. बायकोनं दार लावून घेतलं. तो बाहेर झोपला, साप चावला, मेला. पुढच्या जन्मी पाच वेळा त्याच्यावर मरण आलं आणि पाचही वेळा तो वाचला.

पुढचा जन्म मी बाजूला ठेवते. मला त्या मुनींच्या अंदाजाचं नवल वाटतं. समोरच्या माणसाचा धंदा, त्याचं घर, त्याची कुवत पाहून त्यांनी नियम मापून दिला. शिंपी माप घेतो तसा. आणि मापून दिलेला म्हणून तो सैल होता असंही नाही, पाचव्या वेळेपर्यंत तो चांगलाच काचला असणार. दोरा पाहून ‘आता बास झालं, पहिल्यांदा सोडला होता की’ असं त्याला म्हणता आलं असतं. शब्दात बसवायचंच तर तेही बसलं असतं.

पण या गोष्टीत मला अडखळायला होतं ते बायकोपाशी. सांगणारे तिला कजाग म्हणून मोकळे होतात. तिनं दिवसभर चूल पेटवायची वाट पाहिली होती, घरात दुसरं काही नव्हतं. नियम त्यानं घेतला आणि उपास तिला पडला. तिला कुणी विचारलं होतं का? दार लावून घेणं बरोबर नव्हे, पण तिच्या बाजूनं एक ओळ तरी असावी, असं मला दरवेळी वाटतं. आपल्या घरातही हे चालतंच की. आठवड्याच्या रसत्यागाची आपली पद्धत बघा, रविवारी मीठ, सोमवारी हिरवं, मंगळवारी गोड, बुधवारी तूप, गुरुवारी दूध, शुक्रवारी दही, शनिवारी तेल. सासूबाईंचा हा नियम, मामंजींचा दुसराच काही, आणि गॅसपाशी उभी सून एकाच वेळी तीन भाज्या परतते, एक बिनमिठाची, एक बिनतेलाची, एक मुलांच्या डब्याची. सोडणारीचं नाव माइकवर, आणि राबणारीच्या खात्यावर काही नाही. नियम घेताना तो कुणाच्या ताटातून आणि कुणाच्या कमरेतून जाणार आहे हे बघावं, आणि जमेल तितकं आपलं वेगळं आपण शिजवावं. ज्या घरात सासूच ‘मीठ वरून घ्या गं, माझ्यासाठी वेगळी कढई नको’ म्हणते, तिथं नियमाला गोडी असते.

आता दुसरी बाजू. लहान नियमाच्या नावाखाली पोकळ नियमही चालतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. आमच्याकडे एकींनी चातुर्मासात फणस सोडला होता. आषाढानंतर फणस असतो कुठं? दुसऱ्या एकींनी दिवाळीपर्यंत विमानप्रवास सोडला, त्या आजवर विमानात बसलेल्या नाहीत. आम्ही हसलो, त्याही हसल्या. पण उपाध्येकाका हसले नाहीत. त्यांचं म्हणणं, न खाणं वेगळं आणि सोडणं वेगळं. तुम्ही खात नसाल, पण सोडलेलं नाही तोवर वाट उघडी आहे, अविरती आहेच. त्यांनी खदिरसार भिल्लाची गोष्ट सांगितली. त्यानं मुनींकडून फक्त कावळ्याच्या मांसाचा त्याग घेतला. तेव्हा ते त्याला काहीच जड नव्हतं. पुढं आजारी पडला आणि वैद्यानं नेमकं तेच औषध म्हणून सांगितलं. त्यानं घेतलं नाही. एवढासा नियम, पण प्राणावर बेतल्यावरही राहिला.

काकांचं म्हणणं मी मान्य करते, आणि तरीही फणसाला पास करत नाही. खदिरसाराच्या नियमाला कठीण दिवस यायची वाट मोकळी होती, कारण त्याला मुदत नव्हती. फणसाचा नियम दिवाळीला संपतो, फणस पुढल्या उन्हाळ्यात येतो. दोघांची गाठ पडण्याची सोयच ठेवलेली नाही. नियम लहान आहे की पोकळ आहे हे मी यावरून ओळखते. या साडेतीन महिन्यांत तो एकदा तरी आडवा येईल का? हात पुढं गेला आणि मागं घ्यावा लागला, असं एकदा तरी होईल का? होणार असेल तर कितीही लहान चालेल.

सोळाकारण भावनांमध्ये शक्तितस्त्याग आणि शक्तितस्तप अशी दोन नावं येतात. शक्तीप्रमाणे त्याग, शक्तीप्रमाणे तप. आपण ‘शक्तीप्रमाणे’ हा शब्द सुटकेसाठी वापरतो, ‘झेपेल तेवढं करा हो’ म्हणून. टीकाकार त्याचा अर्थ सांगताना ‘आपली शक्ती न लपवता’ असंही सांगतात. म्हणजे शक्तीबाहेर जायचं नाही आणि शक्ती लपवायचीही नाही. दोन्ही बाजूंनी आवळलेला शब्द आहे तो. आणि आपली शक्ती किती, हे ओळखायला जेवढा प्रामाणिकपणा लागतो तेवढा कदाचित दहा उपवासांनाही लागत नसेल.

आमच्या शेजारची सून बँकेत आहे. लग्नानंतरच्या पहिल्या चातुर्मासात तिनं रात्रिभोजनाचा पूर्ण त्याग घेतला. कुणी सांगितलं नव्हतं, हौसेनं घेतला. आषाढात बेळगावचा सूर्यास्त सात वाजून गेल्यावर असतो. सहाला सुटून, सव्वासहाला घरी येऊन, हातपाय धुऊन ती सुखानं जेवायची. काटेकोर पाळणारे सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं आधी उरकतात. तिनं तेवढं धरलं नव्हतं. पण सूर्य एका जागी थांबत नाही. दसऱ्यानंतर तो सव्वासहाकडे सरकतो, दिवाळीला सहाच्या आसपास मावळतो. तिची बँक मात्र सहालाच सुटायची. नियम तोच राहिला आणि दर आठवड्याला थोडा थोडा जड होत गेला. एके दिवशी तो मोडला. मग तिनं दोन दिवस उपाशी काढले, तिसऱ्या दिवशी दिवा न लावता ओट्यापाशी उभ्यानं खाल्लं. कुणी रागावलं नाही, पण पुढल्या वर्षी आषाढात तिनं मला सांगितलं, ‘काकू, मी आता काहीच घेत नाही. माझ्याच्यानं धर्म होत नाही.’

हे वाक्य मला फार लागलं. एक नियम मोडला म्हणून बाकीचं सगळं तिनं स्वतःच्या नावावरून पुसून टाकलं होतं. गाळलेलं पाणी ती पिते, कंदमुळं खात नाही, रोज देवदर्शन करून बँकेत जाते. त्यातलं काही तिच्या हिशेबात उरलं नव्हतं. मोठा नियम मोडण्यात हा खरा तोटा असतो. भूक लागून खाल्लं त्याचं प्रायश्चित्त घेता येतं. ‘मी असलीच’ हे मनात बसलं की त्याला प्रायश्चित्त कुठलं?

आम्ही दोघी कॅलेंडर घेऊन बसलो. बँकेला रविवार सुट्टी, दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी. त्या दिवशी सूर्यास्तापूर्वी जेवण, पूर्ण चारी प्रकारच्या आहाराचा त्याग. बाकीच्या दिवशी रात्री अन्न नाही, म्हणजे भात-भाकरी-पोळी नाही, दूध-फळं चालतील. ही सवलत आम्ही शोधून काढलेली नाही. खाद्य, स्वाद्य, लेह्य, पेय असे आहाराचे चार भाग करून आधी फक्त अन्न सोडायचं, ही आपल्यात चालत आलेली पायरी आहे. आजारपणात आणि पाळीच्या दिवसांत काय, तेही लिहिलं. सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘एवढाच?’ मी म्हटलं, ‘आक्का, आधी दिवाळीपर्यंत हा राहू दे, मग बघू.’ त्यांनी मान हलवली. पटल्याची होती की नाही, कुणास ठाऊक.

माझ्या जाऊबाईंची अडचण वेगळी होती. तिशीत त्यांनी दशलक्षणाचे दहा उपवास केलेले. आता इन्सुलिन चालू आहे. मन मात्र अजून तिशीतल्या पंचमीलाच उपवासाला बसतं. इन्सुलिन घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर एकदम उतरते, घाम सुटतो, थरथर होते, माणूस जागेवर कोसळू शकतो. डॉक्टरांनी सांगून झालं, मुलांनी सांगून झालं. त्यांचं एकच, ‘मग मी करायचं तरी काय? नुसतं बघत बसू?’ हा हट्ट नव्हता, ते दुःख होतं. ज्या शरीरानं एकदा एवढं केलं, ते आता करू देत नाही, याचं.

त्यांना मी बारा तपांची यादी पुन्हा वाचून दाखवली. सहा बाह्य, सहा अंतरंग, आणि त्यातलं अनशन एकच. उरलेली अकरा कुणाची? रसपरित्याग आहे, विनय आहे, स्वाध्याय आहे, वैयावृत्त्य आहे. त्यांनी बरेच दिवस विचार करून ठरवलं, ते असं. जेवण डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला आणि मापाला, चव बघायला म्हणून मध्ये एक घास नाही. आणि दुपारी तीन वाजता खालच्या मजल्यावरच्या काकींना ग्रंथाची दोन पानं वाचून दाखवायची. काकींना मोतीबिंदूमुळे अक्षर लागत नाही. चव न बघण्याचा नियम सगळ्यात कठीण गेला म्हणे. लाडू वळताना एक तोंडात टाकायची चाळीस वर्षांची सवय. सुनेला विचारावं लागतं, ‘गोड झालंय का गं?’ आणि सुनेचा शब्द प्रमाण मानावा लागतो. मला वाटतं, खरा रसपरित्याग तो शेवटचाच.

माझं म्हणाल, तर मी शहापुरात राहते, जिथं मागावरच्या साड्यांचं नाव निघतं. म्हणून दिवाळीपर्यंत एकही नवी साडी घ्यायची नाही, भेट आली तरी पाट्यावर ठेवून दुसऱ्याला द्यायची, एवढा नियम यंदा घेतला आहे. सोपा दिसतो. गणपतीच्या आधी दुकानांसमोरून बस्तीला जाऊन बघा.

लिहून ठेवावा, एवढं मात्र सगळ्यांना सांगेन. ‘मी कमी बोलेन’, ‘मी रागावणार नाही’ असले नियम हवेत विरतात, कारण त्यांना काठ नाही. कुणाशी, केव्हा, किती? ‘मुलाला नोकरीचं दिवसातून एकदाच विचारीन’ हा नियम पाळला की मोडला हे रात्री सांगता येतं. काय, किती, कुठवर आणि कुठल्या प्रसंगी सूट, एवढं कॅलेंडरच्या कोपऱ्यात मावतं. सूट आधी लिहिली की नंतर ती शोधावी लागत नाही.

आणि मुदत संपली की? पुष्कळजणी दिवाळीच्या सकाळी नियम उतरवतात आणि त्याच दुपारी दुप्पट वसूल करतात. ते आपल्याला ठाऊक आहे, त्यावर काय लिहायचं. पण ज्यांना अंगवळणी पडलेलं पुढं न्यावंसं वाटेल, किंवा थोडं वाढवून, थोडं कमी करून पुन्हा मापात बसवावंसं वाटेल, त्यांना फार थांबावं लागत नाही. कार्तिकातली अष्टान्हिका दिवाळीनंतर आठवड्याभरातच बसते. शेजारच्या सुनेनं कॅलेंडरचं ते पान आताच दुमडून ठेवलंय.